आधी अक्का, मग मास्तर, मग पायस

हा लेख माझ्या बायकोच्या हाताखालून गेलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती सांगलीची, मी कुंभकोणमचा. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी म्हणून दक्षिणेत उतरले ते तिथेच राहिले, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलत आले. फक्त इकडे महाराष्ट्रात मराठी पुढे गेली, आणि आमची तिथेच वाट बघत उभी राहिली. लग्नानंतर मी पहिल्यांदा बायकोला "तूं कोठें जातेस?" असं विचारलं तेव्हा ती पोट धरधरून हसली होती. तिला वाटलं, कोणी हरदासबुवाच घरात शिरले. छापील मराठी मी पोस्टानं येणाऱ्या मासिकांतून शिकलो. तेव्हा ह्या लेखात आमच्या गावची माणसं बोलतील ती त्यांच्या बोलीत, आणि बाकीचं सगळं बायकोनं विंचरून, तेल लावून दिलेलं आहे.

संपादकांनी 'आपल्या कारकिर्दीविषयी लिहा' असं कळवलं. कारकीर्द राजाची असते. माझा फोटो स्टुडिओ होता, आणि तोही आधी माझ्या मामाचा. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराला मी त्याच्या हाताखाली लागलो, आणि पहिली तीन वर्षं मला कॅमेऱ्याला हात लावायची परवानगी नव्हती. चाळीस वर्षांत हजारो तोंडं काढली, पण सांगण्यासारखी गोष्ट एकाच काचेची आहे. ती सांगतो.

मामाचा स्टुडिओ महामहम् तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होता. खाली दिवसभर ठोकाठोक चाले आणि वर मामा गिऱ्हाइकाला सांगे, "शांत बसा." उत्तरेकडचं अर्धं छप्पर काचेचं होतं. दिवे नव्हतेच. सूर्य देईल तेवढ्या उजेडावर धंदा. ढग आले की मामा कॅमेरा झाकून विडा लावायला बसे.

कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवलेली एक लाकडी पेटी. पुढे भिंग, मागे दुधी काच. फोटोग्राफरनं डोक्यावर काळं कापड घेऊन त्या दुधी काचेत बघायचं, चित्र नीट जुळवायचं, मग तिच्या जागी औषध लावलेली काच सरकवायची, भिंगाचं झाकण काढायचं, "एक, दोन" म्हणायचं आणि झाकण लावायचं. तेवढा वेळ समोरच्यानं हलायचं नाही. हलला तर त्याला दोन नाकं येत. अंधाऱ्या खोलीत ती काच धुतली की तिच्यावर माणूस उमटे, पण काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा झालेला. मग त्या काचेतून उजेड पाडून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. काच जपून ठेवायची. कागद फाटतो, काच राहते.

माझं काम मधलं. उजेडासमोर काच धरून तिच्यावर अणकुचीदार पेन्सिलीनं बारीक टिंबं द्यायची, म्हणजे कागदावर चेहरा गुळगुळीत येतो. निम्म्या कुंभकोणमचे देवीचे वण मी अशा टिंबांनी बुजवले आहेत. लग्नाच्या मुलींची नाकं मी सरळ केली आहेत. त्यांतल्या काही संसारांत पुढे भांडणं झाली असतील तर त्यात माझाही थोडा वाटा आहे, हे मला मान्य आहे.

मामाचे नियम तीन. दोन्ही कान दिसले पाहिजेत, दोन्ही पावलं दिसली पाहिजेत, तोंड मिटलेलं पाहिजे. पट्टीश्वरमच्या एका पानमळेवाल्याला मामा बाहेर गेला असताना मी जरा तिरका बसवून बघितला. मामाला चोरून केलेलं माझं हे पहिलं काम. तो आठवड्यानं फोटो घेऊन परत आला आणि मामाला म्हणाला, "मी पूर्ण तोंड घेऊन आलों होतों, हें पाऊण आहे. माझा डावा कान कोठें?" मामानं माझ्याकडे बघितलं आणि मला पुढचा महिनाभर काचा धुवायला लावल्या.

"फोटो म्हणजे काय?" मामा म्हणायचा. "माणूस घरीं नसेल तेव्हां त्याचें तोंड घरीं असावें, ही सोय. बस."

मला मात्र सोय नको होती, गोष्ट हवी होती. वाचनालयात एक इंग्रजी मासिक येई, त्यातले फोटो बघून माझं डोकं फिरलं होतं. त्यातली माणसं कॅमेऱ्याकडे बघतच नसत. कोणी रडत असे, कोणी पळत असे, कोणी चोरून काही खात असे, आणि बघणाऱ्याला वाटे की ह्याच्या आधी काय झालं आणि आता पुढे काय होणार. त्या मासिकात एकदा लिहिलं होतं की माणसाचा डोळा चित्रसुद्धा पुस्तकासारखं डावीकडून उजवीकडे वाचत जातो. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. त्यानंच पुढे माझा घात केला.

पण त्याआधी मरुदानल्लूरचे भागवतर आले. मरुदानल्लूर म्हणजे भजनाचं गाव, आणि भागवतर म्हणजे भजनाचे बुवा. त्यांना तंबोरा घेऊन फोटो हवा होता. अडचण एवढीच की तंबोरा हातात आला की त्यांचं तोंड मिटत नसे. मामा "एक" म्हणाला की ओठ हलायचे, "दोन" म्हणाला की मान. तीन काचा फुकट गेल्या. मामा चिडून खाली कॉफी प्यायला गेला.

मी म्हणालो, "भागवतर, षड्ज लावा. आणि मी सांगीपर्यंत सोडूं नका."

त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं आणि 'आ' लावला. स्वर असा स्थिर की मान नाही, ओठ नाही, शेंडीसुद्धा हलली नाही. मी आरामात "एक, दोन, तीन" म्हणालो. खालची ठोकाठोकही थांबली होती.

प्रत बघून मामा म्हणाला, "तोंड उघडें आहे."

भागवतरांनी फोटो कानाजवळ नेला. खरंच नेला. "गोपाळराव," ते मामाला म्हणाले, "ह्यांत सूर ऐकूं येतो." आणि भजनमंडळींसाठी सहा प्रती सांगून गेले. मामानं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या कामाचा घडीचा कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. "लग्नें-मुंजी तूं कर," म्हणाला. "पण एक चूक झाली कीं हा डबा माझा, आणि तुज जन्मभर पेन्सिल."

त्या डब्यासाठी मी तेव्हा जीवही दिला असता. आणि त्याच महिन्यात रघूत्तम मास्तरांची साठी आली.

मास्तर मेलकावेरीला राहायचे, नदीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेत गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, म्हणजे प्रयत्न केला होता. आमच्यापैकीच मराठी घर. बायको तुळसाक्का. अख्ख्या गल्लीची ती अक्का, कारण पोटी मूल नव्हतं, मग गल्लीच तिची झाली. नवऱ्यावर तिचा जीव होता आणि तो जीव ती दिवसभर ओरडून दाखवायची. मास्तरांना पायसाचं वेड, म्हणजे तुमच्या खिरीचं. साखर खाऊ नका असं वैद्यांनी सांगितल्यापासून अक्का पायसाच्या भांड्यावर बसून असायची.

तुमच्याकडे साठीशांत होते. आमच्या अंगात तमिळ देश मुरलेला, म्हणून आमच्याकडे साठीला नवरा-बायकोचं लग्नच पुन्हा लावतात. कलशाच्या पाण्यानं दोघांना न्हाऊ घालतात आणि नवरा बायकोच्या गळ्यात पुन्हा मंगळसूत्र बांधतो. मुलंबाळं, नातवंडं अक्षता टाकतात. मास्तरांकडे अक्षता टाकायला गल्ली होती.

नियमाप्रमाणे मी कान, पावलं, मिटलेली तोंडं असा एक फोटो काढला. मग दोघांनी हार काढून ठेवले, कारण मास्तरांना गुलाबानं शिंका यायच्या. मास्तर उघड्या अंगानं पाटावर बसले होते, अक्का त्यांच्या डाव्या हाताला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पायसाचं पातेलं बाहेर निघालं. मास्तरांची मान आपोआप तिकडे वळली. आणि अक्का, गळ्यातलं नवं मंगळसूत्र बोटांत धरून, त्या वळलेल्या मानेकडे बघायला लागली. चेहऱ्यावर अर्धा राग आणि अर्धं असं काही, की त्याला माझ्याकडे अजून शब्द नाही. अंगणात ऊन लख्ख होतं. मी झाकण काढलं आणि लावलं.

काच धुतली आणि मला नाचावंसं वाटलं. गोष्ट आली होती! पण एक खोट होती. अक्का चित्रात उजवीकडे, मास्तर डावीकडे, आणि ते बघत होते आणखी डावीकडे, चौकटीबाहेर. म्हणजे गोष्ट उजवीकडून डावीकडे चालली होती. माझ्या वहीत तर लिहिलेलं, डोळा डावीकडून वाचतो. आधी अक्का दिसली पाहिजे, मग ती बघते ते मास्तर, मग मास्तर बघतात ते पायस. उपाय अगदी सोपा. मोठी प्रत काढताना काच उलटी घालायची. चित्र आरशातल्यासारखं फिरतं. घातली. मोठा थोरला फोटो केला, काळ्या लाकडी चौकटीत बसवला आणि मेलकावेरीला घेऊन गेलो.

ओसरीवर आठदहा माणसं होती. अक्कानं माझ्या हातात कॉफी दिली. मास्तरांनी वरचा कागद सोडला. सगळे हसले. "पाहा पाहा, मास्तर पायसाकडे पाहतात!" मास्तरही हसले. मला वाटलं, आज आपण खरे फोटोग्राफर झालो.

मग त्यांचे भटजी पुढे वाकले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, श्राद्ध कोणाचें?"

मास्तरांच्या उघड्या अंगावर जानवं होतं. ते डाव्या खांद्यावरून असतं. फोटोत ते उजव्या खांद्यावर गेलं होतं. जानवं उजव्या खांद्यावर माणूस कधी घेतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. मेलेल्यांना पाणी देताना.

बरं, मला हे दिसलं कसं नाही? दोन दिवस ती प्रत माझ्यासमोर होती. माझ्याही गळ्यात जानवं होतं. पण मी त्या चित्रात उजेड बघितला, नजरा बघितल्या, गोष्ट बघितली. जो रोज संध्या करतो त्याचा हात आपसूक खांद्याकडे गेला असता. मी संध्या कधीच सोडली होती, आणि ते मामाला ठाऊक नव्हतं. म्हणजे एका काचेनं माझे दोन गुन्हे एकदम उघडे पाडले.

अक्का जवळ आली. तिनं आधी स्वतःकडे बघितलं. तिचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता, नाकातली चमकी उजव्या नाकपुडीत. आमच्या गावात त्याचा अर्थ एकच, अय्यरांची मामी, म्हणजे तमिळ ब्राह्मणाची बायको. एरवी ह्यावर तिनं मला तासभर सोललं असतं. पण तिची नजर खांद्यावर खिळली होती.

"सेतु," ती मला हळू म्हणाली, "परवां पुन्हां मंगळसूत्र बांधलें, आणि ह्यांस तूं पिंड द्यायास बसवलेंस?" मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "पोर नाहीं म्हणून आपलें आपणच करून घेतलेंत काय? मज मागें ठेवून?"

मूल नसलेली माणसं जिवंतपणीच आपलं श्राद्ध उरकून घेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या हातातली कॉफी तशीच निवली. आजही तो प्रश्न आठवला की मला कॉफी नकोशी होते.

परत आणलेली ती प्रत मामानं फाडली. "तुझ्या गळ्यांत जानवें आहे कीं दोरी?" एवढंच विचारलं आणि घडीचा कॅमेरा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. मी त्याच दिवशी काच सुलटी घालून नवी प्रत केली आणि पळत मेलकावेरीला गेलो. अक्कानं मान फिरवली. "पहिलें पाहिलें तें डोळ्यांतून कसें जाईल?" म्हणाली. मास्तरांवरचं अरिष्ट टळावं म्हणून तिनं एकवेळ जेवायचं व्रत धरलं होतं.

नऊ दिवसांनी मास्तर स्टुडिओत आले. मागे बघत, चोरासारखे.

"मी पळून आलों," ते म्हणाले. "तिनें मज कैद केलें आहे. कावेरीवर जायचें नाहीं, बुडेन. जिना चढायचा नाहीं, पडेन. फणस खायचा नाहीं, बाधेल. आतां मी दुसऱ्या कशानें मेलों नाहीं, तर कंटाळून मरेन. पण सेतु, ती जेवत नाहीं रे. अर्धी झाली आहे."

हसत बोलणारा माणूस शेवटच्या वाक्याला एकदम म्हातारा दिसला. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं आणि गणिताच्या मास्तरासारखं विचारलं, "आतां सांग, उत्तर चुकलें कोठें? पायरी दाखव."

मी दाखवली. काच, तिच्या दोन बाजू, डावीकडून वाचणारा डोळा. सुलटी प्रत समोर ठेवून तिच्यावर बोट फिरवलं आणि उलटीत क्रम कसा लागत होता ते सांगितलं, "आधीं अक्का, मग मास्तर, मग पायस." मास्तरांनी तीनदा म्हणून बघितलं. त्यांना ते फार आवडलं. मग म्हणाले, "आणि ह्या पेटींत काय दिसतें?"

मी मामाला मोठ्या कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसवलं आणि मास्तरांच्या डोक्यावर काळं कापड टाकलं. कॅमेऱ्याच्या दुधी काचेवर सगळं उफराटं पडतं. माणूस डोकं खाली, पाय वर, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आम्हाला सवयीनं त्याचं काही वाटत नाही. मास्तर बराच वेळ आत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे वर्गात अवघड गणित सुटल्यावर चमकायचे तसे चमकत होते.

"उद्यां तिला आणतों," म्हणाले.

अक्का आली, पण फोटोसाठी नाही. मास्तर नवा फोटो काढायला एकटे निघाले आणि वाटेत बैलगाडीखाली येतील, म्हणून आली. मास्तर खुर्चीत बसले, उघड्या अंगानं, जानवं डाव्या खांद्यावर, जागच्या जागी. अक्का खरंच वाळली होती.

"तुळसे, तूंच पाहा मी नीट बसलों कीं नाहीं," मास्तर म्हणाले. "ह्या पोराचा भरंवसा नाहीं."

मी काळं कापड उचलून धरलं. अक्का आत शिरली. आता बाहेरून नुसतं नऊवारी लुगडं आणि दोन पावलं दिसत होती. मामा कपाटाला टेकून उभा होता. मग कापड हलायला लागलं. आधी थोडं, मग गदगदा. मला वाटलं, रडते आहे, आणि ह्या वेळी मास्तरांनीच रडवली.

आतून आवाज आला, "अय्यो! अहो, तुमचे पाय वर!"

"असूं देत," मास्तर म्हणाले.

"वटवाघळासारखे लोंबतां कीं! आणि धोतर खालीं कां येत नाहीं?"

त्यावर मामा हसला. मामाला हसताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं. अक्का कापडातून बाहेर आली, डोळे पुसत, केस विसकटलेले. तिनं मला समोर उभं केलं.

"हा डबा सर्वांसच उलटें करतो?"

"सर्वांस, अक्का. मग आम्ही सुलटें करतों."

"आणि तूं विसरलास."

खरं तर विसरलो नव्हतो, हौसेनं केलं होतं. पण काही वेळा माणसानं आपली हौस विसर म्हणून खपवावी. "विसरलों," मी म्हणालो.

"मग हा अपशकुन नव्हे," अक्का म्हणाली. "हा आळस." आणि मास्तरांकडे वळून, "चला, मज भूक लागली."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं असतं का, मला माहीत नाही. पण मास्तरांनी तिला परत कापडात घातलं. म्हणे, अजून एकदा पाहा, मी हात हलवतों. आणि मामानं कपाट उघडून घडीचा कॅमेरा माझ्या हातात दिला. मी तो फोटो काढला. खुर्चीत मास्तर, दोन्ही हात वर करून, आणि त्यांच्यासमोर काळ्या कापडाखालून निघालेली दोन पावलं नि नऊवारीचा काठ. अक्काचा एकही कान दिसत नाही. मामानं तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला, आणि तो आज माझ्या घरात आहे. बायको म्हणते, तू काढलेला हा एकच फोटो बघून मला वाटतं की तुला काही येत होतं.

डबा मला परत मिळाला, एका अटीवर. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मामासमोर बसून संध्या करायची. चार वर्षं केली. मामा विडा चघळत माझ्या खांद्याकडे बघत बसे.

अक्का पुढे तीन वर्षं जगली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली, कपाळावर कुंकू, गळ्यात दोनदा बांधलेलं मंगळसूत्र. तिला जसं हवं होतं तसंच. गल्ली रडली. मूल नव्हतं, म्हणून तिचं सगळं क्रियाकर्म मास्तरांनीच केलं.

महिनाभरानं ते स्टुडिओत आले. क्षौर केलेल्या डोक्यावर नुकते पांढरे केस फुटत होते. जिना चढून दम लागला होता. आता जिना चढू नका म्हणणारं कोणी नव्हतं. मामानं त्यांना खुर्ची दिली.

"सेतु, ती उलटी प्रत आहे?"

"मामानें फाडली, मास्तर."

"काच असेल."

काच होती. पिवळ्या कागदात गुंडाळून, पेटीत, नंबर टाकून. मी ती काढून हातात घेतली. "मास्तर, सुलटी करून देतों. त्यांत जानवें..."

"मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "दहा दिवस मी तसाच बसत होतों. तिनें मज शेवटीं पाहिलें असेल तर तसेंच पाहिलें. तिला वाटलें, तें श्राद्ध माझें. तिचें होतें. तुझ्या काचेनें खोटें सांगितलें नव्हतें रे, वाचायास आम्ही चुकलों. जा, उलटी घाल."

मी अंधाऱ्या खोलीत गेलो आणि जन्मात दुसऱ्यांदा काच मुद्दाम उलटी घातली. पाण्यातल्या कागदावर आधी अक्का उमटली, मंगळसूत्र बोटांत धरून. मी तिथे रडलो. त्या खोलीचा तो एक उपयोग आहे.

ओली प्रत मी मास्तरांसमोर धरली. त्यांनी चष्मा लावला आणि फळ्यावर ठेवावं तसं फोटोच्या डाव्या कडेला बोट ठेवलं.

"आधीं अक्का," ते म्हणाले. बोट सरकलं. "मग मास्तर. क्रम बरोबर आहे."

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मग पायस."

मास्तरांचं बोट फोटोतल्या त्यांच्याच नजरेमागून उजव्या कडेपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. कडेपलीकडे मामाचं टेबल होतं, टेबलापलीकडे खिडकी, आणि खिडकीत नुसतं ऊन.

"तें चौकटीबाहेर आहे," ते म्हणाले. "ती वाढून बसली असेल. नेहमींप्रमाणें मीच उशीर करतों."